जे निघालेच नाहीत

आमच्या घरी एक रीत होती. पत्रक छापायला देण्याआधी बाबा ते विरोधकाला वाचून दाखवत. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या पक्षाचे एक वकील राहायचे. बाबांची निम्मी पत्रकं त्यांच्या ओट्यावर सुधारली गेली. आपल्या लोकांना वाचून दाखवून काय उपयोग, ते मान डोलावणारच, असं बाबा म्हणत. अमेरिकेत वेस्ट विंडसरला नोकरीसाठी आले तेव्हा ही रीत मी सोबत आणली.

२००३च्या मार्चमध्ये इराकवरचा हल्ला सुरू झाला. त्यानंतर आम्ही काही जण एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. इराककडे संहारक अस्त्रं आहेत असं खोटं सांगून सरकारनं लोकांना युद्धात ओढलं, असं मी म्हणाले. पुलावाचं भांडं माझ्याकडे सरकवत मित्र म्हणाला, "यार, खोटं बोलल्याशिवाय कुठलं वॉर जिंकलंय? दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्मंडी बघ, होड्यांतून फौजा उतरल्या ते. रबराचे रणगाडे फुगवून जर्मनांना गंडवलं नसतं, तर त्यांनी सगळी कुमक तिथेच ओतली असती." बाकीच्यांना ते पटलं. मला राग आला तो या सोयीस्कर तर्काचा.

मी लायब्ररीत बसून पत्रक लिहिलं. मुद्दा सरळ होता. जर्मन कुमक उशिरा पोचली, कारण विमानांनी नद्यांवरचे पूल पाडले होते आणि फ्रेंच लोकांनी जिवावर उदार होऊन रेल्वेचे रूळ उडवले होते. दक्षिण फ्रान्समधून निघालेले रणगाडे वाटेतच रखडले. श्रेय या माणसांचं आहे, लबाडीचं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला, शाळेच्या कॅफेटेरियात, मी ते वाटणार होते.

विरोधक शोधावा लागला नाही. मंडळातले एक निवृत्त सर्जन काका युद्धाच्या बाजूनं होते. त्यांचा मुलगा अमेरिकन सैन्यात होता आणि त्याच दिवसांत कुवेतहून उत्तरेकडे निघाला होता. त्यांच्याकडे जाऊ नकोस, असं मैत्रिणीनं बजावलं. मी गेले. जे पत्रक त्या घरात वाचता येत नाही, ते इतरांच्या हातात कोंबण्याचा मला हक्क नव्हता.

काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालूच ठेवलं. "काय, क्रांती कुठवर आली?" काकांनी विचारलं आणि डोळे मिटून ऐकायला बसले. माझं वाचून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तुटलेला पूल कोणाला अडवतो?"

"येणाऱ्याला."

"आणि जो निघालाच नाही, त्याला?"

फ्रान्सच्याच किनाऱ्यावर, पण दूर कॅलेच्या बाजूला जर्मनांचं एक अख्खं सैन्य बसून होतं, काका सांगत होते. खरा हल्ला इथेच होणार, या समजुतीत. नॉर्मंडी पेटल्यावरही त्यातलं बरंचसं कित्येक आठवडे हललं नाही. मग ते टीव्हीकडे पाठ करून म्हणाले, "तिकडे कोणी खोटं बोलून शत्रूला चुकीच्या रस्त्यावर बसवून ठेवत असेल, तर माझ्या मुलासाठी ते मला हवंय. तुझ्या पत्रकात त्याला जागा आहे?"

नव्हती. मी पुन्हा लायब्ररीत गेले, आणि काकांचं म्हणणं बरोबर निघालं. कॅले इंग्लंडला सगळ्यात जवळ, म्हणून हल्ला तिथेच होईल असं जर्मनांना आधीपासून वाटतच होतं. खोट्या हेरांनी आणि खोट्या रेडिओ संदेशांनी त्या समजुतीला खतपाणी घातलं. जे निघाले त्यांना तुटलेल्या पुलांनी अडवलं. जे निघालेच नाहीत त्यांना फसवणुकीनं. मी ते तसंच लिहिलं. माझं पत्रक त्यानं लुळं पडलं नाही, उलट त्याला धार आली. कारण नॉर्मंडीत फसवलं ते समोरच्या सेनापतीला. आपण कोणाशी आणि का लढतोय, हे होडीतल्या सैनिकाला ठाऊक होतं. इराकच्या वेळी मात्र फसवलं ते होडीत बसवलेल्यांना, आणि तेही त्यांना जे खरं असावंसं वाटत होतं, तेच सांगून.

काकांकडचं दुसरं वाचन मी उभ्यानंच केलं. शेवट असा होता: शत्रूला खुशाल फसवा. ज्याला पाठवताय त्याला आणि त्याच्या आईला फसवू नका.

"मला हे पटलेलं नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला कोण विचारतंय?" काकू टीव्हीवरची नजर काढत म्हणाल्या. "ते शेवटचं सगळ्यात वर घे गं."

पाडव्याला ते सगळ्यात वर होतं. श्रीखंडाच्या रांगेत रणगाडेवाल्या मित्रानं पत्रक वाचलं आणि माझ्याशी वाद घालायला वळला. त्याच्या मागेच काका ताट घेऊन उभे होते. त्यांनी त्याच्या हातातल्या कागदावर, कॅलेच्या मजकुरावर बोट ठेवलं.

"हा परिच्छेद माझा आहे," ते म्हणाले. "तेवढ्यावर माझ्याशी बोल. बाकीचं तिला विचार, ती उत्तर देईल."