एका दाराचं घर

स्वस्त घरांचे आराखडे काढणाऱ्या पनवेलच्या एका लहानशा संस्थेत मी नोकरी करत होते. शेकडो कुटुंबांची वसाहत व्हायची होती. आमच्या साहेबांचा आग्रह असा, की घर जुन्यातूनच उभं राहावं. पाडलेल्या घरांची कौलं आणि वासे घ्यायचे, विटा तिथल्याच मातीच्या, यंत्राने दाबलेल्या. मला ते मनापासून पटलं होतं. कळंबोलीच्या बाजूला, भरावाच्या मैदानात, आम्ही नमुन्याचं एक घर बांधलं.

"रिकामं घर बघून कोणाची खात्री पटत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हीच राहा तिथे."

आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. नवरा, सासूबाई आणि मी आनंदाने राहायला गेलो.

पाहुणे कधीही यायचे. अधिकारी, बिल्डर, कॉलेजची मुलं. नवरा तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येऊन झोपलेला असायचा, आणि लोक त्याच्या उशाशी उभे राहून छताची उंची विचारायचे. तो डोळे मिटून पडून राही. त्याच्या श्वासावरून मला कळायचं, की हा जागा आहे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, दारात कपडे वाळत घालायचे नाहीत, सुकट भाजायची नाही. सासूबाई जवळच्याच गावच्या. सुकटीशिवाय त्यांना भाकरी जात नसे.

"मी काय राणीच्या बागेतली हाय का, लोकांनी बगायला यायला?" त्या म्हणत.

एका दुपारी मी साहेबांबरोबर सात-आठ पाहुणे घेऊन आले. सासूबाई दिसेनात. न्हाणीचं दार आतून बंद होतं. साहेब विटांविषयी सांगत होते. मी दाराशी जाऊन हळूच हाक मारली, "आई?"

"लुगडं भायेर राह्यलं गो," आतून दबलेला आवाज आला.

लुगडं खाटेवर होतं आणि त्यावर एक अधिकारी बसले होते.

"जरा उठता का?" मी म्हणाले. "तुमच्याखाली सासूबाईंचं लुगडं आहे."

ते चटका बसल्यासारखे उठले. मी लुगडं आत दिलं. सासूबाई बाहेर आल्या. घराला दार एकच, तेही पुढचं, आणि तिथे माणसांची दाटी. त्या चुलीपाशी गेल्या आणि पाहुणे जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी म्हणाल्या, "मागं एक दार काड, पोरी. मानसाला निगून जायाला वाट पायजे."

रविवारी नवऱ्याने मागची भिंत फोडली. विटा अखंड निघाल्या. त्यांच्याच पायऱ्या केल्या. पाडलेल्या घरांच्या सामानातलं एक दार मी आणून बसवलं. त्या दिवशी आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसून जेवलो.

साहेब आले. दार बघून खाली बसले.

"नमुना बिघडवलात तुम्ही."

"सुधारला, सर. वसाहतीच्या नकाशातही घ्या हे दार."

"प्रत्येक घराला? खर्चाने योजनाच कोलमडेल." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि घर सोडून जाऊ नका. बांधणारीच पळाली म्हणतील."

पळणार कुठे? वसाहत मंजूर होईपर्यंत आम्ही पाहुण्यांना चहा देत राहिलो.

मंजुरी आली, पण माती आणि कौलं त्यातून गेली. सिमेंटची घरं ठरली, रांगेने, पाठीला पाठ लावून. मागे दार काढायला जागाच उरली नाही. साहेबांनी संस्था सोडली. नमुन्याचं घर रस्त्यासाठी पाडलं आणि त्याचे वासे, कौलं ट्रकमधून कोणी घेऊन गेलं.

सोडतीत आम्हालाही त्याच वसाहतीतलं एक घर लागलं. नवरा म्हणाला, "घ्यायचं. दुसरं परवडणार आहे का?" घेतलं.

सासूबाई दिवसभर उंबऱ्यात बसायच्या, पाय रस्त्यावर सोडून. उन्हं अंगावर आली तरी उठत नसत.

"आई, आत या," मी म्हणायचे.

"नाय गो," त्या म्हणायच्या, "मी हितंच बरी."