कोमट पाणी

टब पोराने पाठवला होता. तो बंगलोरला असतो. फुगवायचा टब, बाजूला कुलरएवढी मशीन. ती पाणी गरम करते आणि खालून बुडबुडे सोडते. त्याच्या आईचे गुडघे धरले होते. थंडीत ती खाली बसली की उठायला माझा खांदा लागायचा, आणि माझा खांदाही काही नवा नाही. डॉक्टर म्हणाला होता, रोज गरम पाण्यात बसवा. बादलीत पाय बुडतो, गुडघा बुडत नाही.

मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली टब लावला. पहिल्या दिवशी ती गाऊन घालून आत बसली आणि म्हणाली, "अजी, मीठ-हयद बी टाकून द्या. तुमच्या पोरानं मले शिजवाले गंज पाठवला." पण बसली बराच वेळ. निघाली तेव्हा भिंत न धरता स्वयंपाकखोलीत गेली. मी मागून पाहत होतो.

मग बिल आलं.

प्लांटच्या सेक्टर 2 मधल्या क्वार्टरात होतो तोवर आम्ही कधी मीटर पाहिलं नाही. रिटायर झाल्यावर कुरुदकडे घर बांधलं, तिथे मीटर आपलं. ते मागच्या दाराजवळच आहे. त्यात एक लाल लाइट. वीज कमी जळली की सावकाश लुकलुकते, जास्त जळली की धावत सुटते. टबात बसलं की ती बरोबर समोर.

"पाहा, ह्या वयात मले डोया मारून राहिली," ती म्हणाली. "मी नाई बसत उद्यापासून."

आणि नाहीच बसली. गुडघे पुन्हा धरले. सकाळी पलंगावरून उतरताना तोंडातून आवाज काढायची नाही, पण पदर दातात धरायची. मी म्हटलं, "मी लाइट सावकाश करून देतो, तू बस."

"कसे करता? मीटरले समजावता का?"

माझी उमर प्लांटात भट्टीजवळ गेली. शिक्षण काही नाही, पण गरमी कुठून पळते ते पाहिलं आहे. वितळलेलं लोखंड ज्या बाल्टीतून नेतात तिच्यावरही झाकण घालतात. टबाबरोबर आलेलं झाकण म्हणजे रेनकोट. मी थर्माकोलच्या जाड पाट्या आणल्या, गोल कापल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाण्यावर तरंगत ठेवल्या. त्यावर ते झाकण, त्यावर तिने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. खालची फरशी गरमी पिते, म्हणून टब रिकामा करून खाली फळ्या आणि थर्माकोल घातला. राइस मिलमधून धानाच्या भुशाची पोती आणून चारी बाजूंनी रचली. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली. पाणी घ्यायचं ते छतावरच्या काळ्या टाकीतलं, दुपारी, ऊन खाल्लेलं. मशीन पण दुपारीच लावायची, ती टबातून निघाली की बंद, लगेच झाकण. दुसऱ्या दिवशी पाण्यात आदल्या दिवसाची गरमी असायची, थोडीच भर घालावी लागायची. पोराने सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोन डिग्री कमी ठेवले, तिला कळलंही नाही.

बुडबुडे मात्र बंद केले. मशीन बाहेरची थंडी हवा ओढून पाण्यात सोडते, मग पाण्याची गरमी उतरते. तिला बुडबुडे आवडायचे.

"रविवारी लावीन," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"थोडा."

"कंजूस."

पुढचं बिल कमी आलं. ती टबातून मीटरकडे पाहत म्हणाली, "मरतुकडी झाली बिचारी." आणि रोज बसू लागली. पाणी थंड होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं. जमलं होतं.

ती गुडघ्याने नाही गेली. जानेवारीत एका सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथे संपली. दुपारी घरी आणली. मी पाय धरले तर पाय थंडे होते. भंडाऱ्याकडून माणसं आली. भुशाच्या पोत्यांवर त्यांचे स्वेटर वाळत होते. टबाची वेळ झाली तसा मी मागे गेलो आणि मशीन लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. रोज लावत गेलो. वेळ झाली की बंद करायचो, झाकण नीट दाबायचो. आत कोणी बसत नव्हतं. कावून करत होतो, ते मले सांगता येत नाही.

तेरवी झाली, माणसं गेली, पोरगी राहिली. ती गोधडी उन्हात टाकायला गेली आणि झाकणाखाली हात घातला.

"बाबा, पाणी गरम कावून आहे?"

"मशीन लावतो."

"कोणासाठी?"

मी झाकण पुन्हा दाबलं.

"तुम्ही बसता का?"

"नाही."

"मग?"

"टाइम झाला की लावतो."

ती रडली. मी नाही रडलो. मला त्या दिवसांत रडू येत नव्हतं, भूकही येत नव्हती. ती म्हणाली, "आजपासून नका लावू. भैया म्हणतो, टब कोणाला तरी देऊन टाकू. किसी के काम तो आएगा."

"पाणी थंड झालं की सोडतो," मी म्हटलं.

बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी हात घातला, गरम. त्याच्या पुढच्या दिवशी हात घातला, कोमट. काम पक्कं केलं होतं. पोरांची आई अर्ध्या दिवसात थंड पडली आणि हे पाणी पडत नव्हतं.

पोरीची जायची वेळ आली. "कोमटच सोडून द्या ना, बाबा. नालीतच तर जायचं आहे."

मला ते सोडवेना. शेवटी गोधडी काढली, घडी करून तिच्या हातात दिली. झाकण काढलं, थर्माकोल काढून भिंतीला लावला. मशीन चालू केली, गरमीचं बटण बंदच ठेवलं आणि बुडबुड्याचं दाबलं. रविवार नव्हता. सगळं पाणी उसळायला लागलं.

पोरगी बॅग खाली ठेवून पोत्यावर बसली. "आई म्हणायची, तुम्ही लावू देत नाही."

"रविवारी लावत होतो."

"थोडा वेळ."

"हो, थोडा."

मशीन आपोआप थांबली तशी मी पुन्हा लावली. पुन्हा थांबली, पुन्हा लावली. पोरीची गाडी गेली असेल, ती पोत्यावरून उठली नाही. समोर लाल लाइट धावत होती. मग मी बाही वर केली आणि तळापर्यंत हात घातला. थंड झालं होतं.

तेव्हा बूच काढलं.