कडेनं का मधनं?

मला गप्प बसता येत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. कुणी काही विचारलं आणि मला उत्तर येत नसलं तरी मी काहीतरी बोलतेच. 'माहीत नाही' म्हणते, 'थांबा, बघते' म्हणते, पण विचारणाऱ्याला तसंच सोडत नाही. लोक हसतात. हसोत बापडे. गप्प राहिल्यानं काय होतं ते मी भिवंडीत आत्याच्या दुकानात पाहिलंय, आणि ते अजून माझ्या मानगुटीवरून उतरलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विशीत होते, नवऱ्याशी भांडून परत आलेली. माहेरी कुणाला नको होते म्हणून आत्याकडे येऊन पडले. आत्या अंजूरची, तोंडानं फटकळ. तिचं गोधड्यांचं दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, दोन कारखान्यांच्या मध्ये चेपून बसलेलं. पुढे गाद्या-रजया विकायला आणि मागच्या खोलीत गोधड्या शिवणाऱ्या बायका. दोन्ही भिंतींपलीकडे लूम, खडखडाट असा की जमिनीवर ठेवलेला चहाचा कप आपोआप सरकत जायचा. आम्ही ओरडूनच बोलायचो. त्या सवयीनं मी आजही फोनवर ओरडते.

पण काय हात होते त्या बायकांचे! लूमवरून निघालेल्या चिंध्या पोत्यानं यायच्या. त्यातून लाल कुठे लावायचा, पिवळ्याशेजारी काय खपेल, यावरून रोज जुंपायची. तेलगू अक्काला प्रत्येक कडेला लाल हवा, आत्या म्हणायची, "गोधडी हाय का मिरचीचं शेत?" मोहल्ल्यातल्या खालाचा टाका सगळ्यांत बारीक. मागून पाहिलं तरी कळायचं, हा खालाचा. नवीन नमुना जमला की सगळ्या कामं सोडून त्याच्याभोवती उभ्या राहायच्या आणि एकीच्याही तोंडून 'छान' निघायचं नाही, नुसती नाकं मुरडायच्या. याचा अर्थ छान झालाय, हे मला पुढे कळलं.

लोक घरातले जुने कपडेही गठडी बांधून आणायचे. त्यांचा एक नियम होता. जिवंत माणसाच्या अंगचे कपडे असले तर टाके कडेनं सुरू करायचे आणि फिरत फिरत मध्यावर आणून संपवायचे. गेलेल्या माणसाचे असले तर मधनं सुरू करून बाहेर जायचं. आत्या म्हणायची, जित्या माणसाला चहूकडून धरून ठेवायचं असतं, गेलेल्याला वाट द्यायची असते. हे कुणी सुरू केलं माहीत नाही, पण हिंदू-मुसलमान सगळ्याच बायका ते पाळायच्या. गठडी घेताना आत्या एवढंच विचारायची, "कडेनं का मधनं?" कपडे जिवंताचे असले तर समोरचा पटकन 'कडेनं' म्हणायचा. मेलेल्याचे असले तर 'मधनं' हा शब्द कोण तोंडातून काढणार? माणूस गप्प राहायचा. आत्या मान हलवून गठडी आत द्यायची. गप्प म्हणजे मधनं. हे इतकं ठरून गेलेलं होतं की नव्या माणसाला कुणी सांगायचंही नाही.

मग दंगल झाली. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही. लूम बंद पडले आणि मी त्या गल्लीची शांतता पहिल्यांदा ऐकली, एवढंच सांगते. भीती मला त्या शांततेचीच बसली. पुढे कर्फ्यू उठला, लूम सुरू झाले, बायका एकेक करून परत आल्या. आधी कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना. शेवटी अक्का लाल कापडावरून कुणाला तरी टाकून बोलली आणि भांडण लागलं, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

खाला मात्र आली नाही. तिचा एकुलता एक पोरगा दंगलीच्या दिवसांत शिफ्टला म्हणून घरून निघाला आणि परतलाच नाही. हॉस्पिटलात नाही, चौकीत नाही, कुठे काही मिळालं नाही. तो गेला असंच आम्ही सगळ्या मनात धरून बसलो होतो, बोलत नव्हतो इतकंच.

एके दिवशी खालाची सून दुकानात आली. नवीनच लग्न झालेली पोरगी, खेड्यातली, ओढणी हनुवटीपर्यंत. हातात गठडी. त्यात त्याचे शर्ट, चौकड्यांचे. लूमच्या तेलाचा आणि डोक्याच्या तेलाचा वास अजून कॉलरला होता. "अम्मीनी गोधडी शिवायला दिलंय," म्हणाली. आत्यानं गठडी हातात घेतली, घसा खाकरला आणि नेहमीचं विचारलं, "कडेनं का मधनं?" पोरगी गप्प. खाली बघत उभी. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान हलवली आणि गठडी आत दिली.

अक्कानं मधला टाका घातला. सगळ्या भोवती बसल्या. त्या दिवशी रंगावरून कुणी भांडलं नाही. दोन-तीन दिवसांत मध्यावर तळहाताएवढा भाग भरून झाला होता आणि तेवढ्यात दारात खाला उभी.

आम्हाला वाटलं, रडायला आली. आत्या उठलीसुद्धा तिला जवळ घ्यायला. खालाची नजर गोधडीवर गेली आणि तिचा चेहरा असा झाला की आत्या होती तिथेच थांबली.

"मधनं घालायला कुणी सांगितलं?"

अक्कानं सुई खाली ठेवली.

"तुम्ही लोकांनी मारूनच टाकला त्याला?"

तो 'तुम्ही लोक' शब्द खोलीत पडला. बाजूला एवढे लूम धडधडत होते, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. आत्या पुढे झाली. "सुनेला विचारलं मी, बाई. ती काय बोलली न्हाय. मी काय समजू?"

सून मागेच होती. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला काय माहीत, अम्मी! मला वाटलं शिवायचंच काहीतरी विचारतायत. त्यांना बरं वाटेल तसं करतील म्हणून मी गप्प राहिले."

खाला खाली बसली. थंडी येतेय, पोरगा आला की अंगावर घ्यायला हवी, म्हणून तिनं ते कपडे पाठवले होते. सुईच्या टोकानं, मध्येच दातानं, तिनं अक्काचे टाके एकेक उसवले. आम्ही बघत राहिलो. कापड वापरून विरलेलं होतं, त्यामुळे उसवल्यावरही सुईची भोकं तशीच दिसत राहिली. खाला त्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "कडेनं घाला. माझा पोरगा जिता आहे."

मग आम्ही कडेनं घातली. खालाही बसली. टाके फिरत फिरत आत आले आणि त्या भोकांपाशी येऊन थांबले. त्या तळहाताएवढ्या जागेत सुई घालायला कुणाचा हात धजेना. "राहू दे," खाला म्हणाली, "तो आला की मी भरीन." अर्धवट गोधडी घरी न्यायची नाही, असाही आमच्यात रिवाज होता. म्हणून ती आत्यानं घडी करून वरच्या फळीवर ठेवली.

तिथून माझा छळ सुरू झाला. मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. पण भिवंडीत लाइट जायची, एकदम सगळे लूम थांबायचे, आणि त्या शांततेत फळीवरून कापड हलल्याचा आवाज यायचा. नक्की यायचा. मी म्हणाले, उंदीर आहे. शिडी लावून गोधडी खाली काढली, फळी पुसली, कुठे लेंडीसुद्धा नाही. पुन्हा लाइट गेली, पुन्हा आवाज. सगळ्यांचे हात थांबायचे, सगळ्या वर बघायच्या. मी मुद्दाम मोठ्यानं काहीतरी बडबडायचे. तोवर सूनही आमच्यात शिवायला येऊ लागली होती. ती एकदा सुईतून मान वर न काढता म्हणाली, "कूस बदलतात." त्यानंतर मी त्या फळीखाली कधी बसले नाही.

वर्षं गेली. अमका म्हणे तो मालेगावात लूमवर दिसला, तमका म्हणे कशेळीच्या पुलावर ट्रकमध्ये बसताना पाहिला. प्रत्येक वेळी खाला जाऊन यायची. परत आली की दुकानात यायची, गोधडी खाली घ्यायला लावायची, मधल्या रिकाम्या जागेवर हात ठेवून जराशी बसायची आणि पुन्हा वर ठेवायला सांगायची. तिची दृष्टी अधू होत चालली होती.

नव्वदचं दशक लागलं तेव्हा सुनेला एक स्थळ आलं. पडघ्याचा विधुर, भला माणूस. पोरगी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम वीसची होती, आता तिशीही न गाठता कानाजवळ पांढरे केस दिसत होते. मौलवींनीही सांगितलं होतं, हरवलेल्या नवऱ्यासाठी थांबायचे दिवस केव्हाच संपलेत. मी तिला म्हटलं, "अगं, हो म्हण की!" तिनं फळीकडे पाहिलं. "ते वर आहेत ना. त्यांच्यादेखत कशी हो म्हणू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खाला आली तशी मी तोंड सोडलं. "त्या पोरीला जिवंतपणी पुरताय तुम्ही, खाला! तो फळीवर आणि ही फळीखाली. कुठवर?"

खाला शांतपणे म्हणाली, "तुझा नवरा जिता आहे, तो कुठे आहे ते तुला माहीत आहे, म्हणून तू त्याला सोडू शकलीस. माझा कुठे आहे ते सांग, मी सोडते."

असं लागलं मला ते! मी रागानं पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाही. म्हणजे मी, आणि बोलले नाही.

मग एका दुपारी खाला आली. आल्या आल्या म्हणाली, "काढ खाली." मी गोधडी काढली. तिनं ओढणीनं तिच्यावरची धूळ पुसली, पण मधल्या जागेवर हात ठेवला नाही. गोधडी उचलून तिनं आत्यासमोर धरली. गिऱ्हाईक गठडी देतं तशी.

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. तीही म्हातारी झाली होती. तिला विचारायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. पण समोर कपडे धरलेत म्हटल्यावर विचारल्याशिवाय घेता येत नव्हते.

"कडेनं का मधनं?"

खाला गप्प राहिली.

लूम चालू होते. सून कोपऱ्यात दोरा ओला करायला तोंडात धरून बसली होती, तो तसाच राहिला. वाटलं, खाला आता बोलेल, आता बोलेल. तिच्या वतीनं आपणच 'कडेनं' म्हणून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं, शप्पथ सांगते, पण जीभ उचलेना. खाला सुनेकडे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

आत्यानं मान हलवली.

कडेचे सगळे टाके उसवावे लागले. आम्ही सगळ्या बसलो आणि आपापला टाका ओळखून आपापल्या हातानं काढत गेलो. शेवटी कापड मोकळं झालं, तेव्हा अक्कानं सुई पुढे केली. खालानं ती घेतली, पण तिला दोरा ओवता येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला, दोरा बाजूनंच जायचा. तेव्हा सून उठली. तिनं सासूच्या हातातून सुई घेतली, दोरा तोंडात ओला करून ओवला, गाठ मारली आणि सुई परत तिच्या हातात दिली.

खालानं बोटानं चाचपत जुनं भोक शोधलं. अक्काची पहिली सुई गेली होती तेच. तिथे तिनं टाका घातला.