छेरछेऱ्याच्या दिवशी आलेले पाहुणे

माझी भाची परवा सांगत होती, समाजासाठी काही उभं करणाऱ्यांना हल्ली पैसे देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पुरस्कार वेगळे, दोन-तीन वर्षांचं अर्थसाहाय्य वेगळं, आणि ते कसं मिळवायचं हे शिकवणारे वर्ग आणखी वेगळे. अशा माणसाला सामाजिक उद्योजक म्हणतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या वेळी सेक्टरमध्ये अशा बाईला रिकामटेकडी म्हणायचे. ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

तेव्हा आम्ही भिलाईत पोलाद प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरात राहायचो, भिलाई मध्य प्रदेशात होती आणि प्लांटच्या विस्ताराचं काम जोरात चाललं होतं. नवरा प्लांटमध्ये क्लार्क. मी वर्ध्याहून लग्न होऊन आलेली, मुलं शाळेत जायला लागलेली, जिभेला धार आणि हाताला काम नाही. मरोद्याच्या बाजूला नवी क्वार्टरं उठत होती. तिथे आसपासच्या खेड्यांतल्या बाया विटा आणि गिलावा वाहायच्या. त्यांना रेजा म्हणत. त्यांची तान्ही पोरं वाळूच्या ढिगावर नाहीतर सळयांच्या सावलीला पडलेली असायची.

एका सकाळी मी आणि माझी शेजारीण भाजी घेऊन त्या रस्त्यानं येत होतो. शेजारीण म्हणजे आमच्या ताई. नागपूरच्या बौद्ध घरातल्या, यजमान रेल्वेत फिटर, स्वतः शिवणकाम करायच्या. एक नुकती चालायला लागलेली पोर चुना भिजत घातलेल्या खड्ड्याकडे चालली होती आणि आम्ही ओरडेपर्यंत तिनं त्यात एक पाय घातलासुद्धा. ताईंनी तिला उचलली, मी पिशवीतली भाजी टाकून समोरच्या नळावर पळाले. पाय वाचला. पण त्या पावलाची कातडी कायमची गुळगुळीत आणि गुलाबी राहिली. पोरीची आई डोक्यावरचं घमेलं खाली ठेवायचंही विसरून उभी होती. मला अजून तीच आठवते.

दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराच्या हातापाया पडून आम्ही सिमेंट ठेवायचं एक रिकामं टिनाचं शेड मिळवलं. हातापाया ताई पडल्या, मी नुसती रागानं बघत होते. बांबूंना जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधल्या. अंघोळीसाठी जस्ताचा एक मोठा टब आणला. मुलांना सांभाळायला एक म्हातारी मिळाली. तिच्यानं आता विटा उचलवत नव्हत्या. तिला सगळे डोकरी दाई, म्हणजे म्हातारी आई, म्हणत. सकाळी दूध, दुपारी खिचडी. खर्च आमचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, असं सेक्टरातल्या बायका म्हणायच्या, आणि चूक काहीच म्हणत नव्हत्या.

दोन वर्षं पदरमोड झाली. मग पदरच उरला नाही. मुलं वाढत होती, दूध महागत होतं. उन्हाळ्यापर्यंत कुठून तरी काही आलं नाही तर शेडला कुलूप लागणार आणि पोरं पुन्हा त्या चुन्याच्या खड्ड्यांजवळ जाणार, हे आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होतं.

नवरा जेवताना म्हणायचा, "तू रोज मलेच बोलून राहिली. सेक्टरात एवढे आफिसर आहेत, मागत कावून नाई कोणाले?"

मागत नव्हते, कारण आमच्या घरात कुणी हात पसरलेला नव्हता. उपाशी राहा, पण शेजारी वाटीभर साखर मागायला जाऊ नका, अशा शिकवणीत वाढलेली मी. ताई तर माझ्याहून कडक. "आमच्या बाबानं सांगतलं होतं," त्या म्हणायच्या, "हात कामाले लावाचा, पसराचा नाई." अशा दोन मानी बायका संस्था चालवायला निघाल्या होत्या. देवच वाली होता.

मग वर्तमानपत्रात एक निवेदन दिसलं. दिल्लीचा कुठलासा न्यास लोकांसाठी नवी वाट काढणाऱ्यांना दरसाल पुरस्कार देणार होता आणि सोबत तीन वर्षांचा खर्च. हे मला चाललं. पुरस्कार म्हणजे काही मागणं नव्हे, ते आपल्याला देतात! मी हौसेनं अर्ज भरला. एका प्रश्नाशी मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्यांच्यासाठी काम करता, त्यांचा स्वतःचा वाटा काय? दिवसभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईकडून मी वाटा मागू? मी तिथे एक मोठी आडवी रेघ मारली.

तरी उत्तर आलं. त्यांची दोन माणसं काम बघायला येणार होती. जानेवारीतला सोयीचा दिवस आम्ही कळवायचा होता. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं. माहेरहून दर दिवाळीला यायचं ते. पौष पौर्णिमा, शाकंभरी. म्हटलं, चांगला दिवस आहे, देवीचा आहे, कळवून टाकू. दाईला सांगितलं, पुन्नीला, म्हणजे पौर्णिमेला, दिल्लीचे पाहुणे येतायत, त्या दिवशी सगळी मुलं आणि जमेल तेवढ्या आया इथे हव्यात.

"सबो झन आबो, बाई," दाई म्हणाली. सगळे येऊ.

त्या कॅलेंडरात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. तिकडे पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं आणि त्या दिवशी लहानथोर सगळे झोळ्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. छेरछेरा दरवर्षी माझ्याही दारात यायचा. बेल वाजायची, पोरं ओरडायची, मी मूठभर तांदूळ घालून दार लावायची. पण तो कुठल्या तिथीला येतो, हे इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं. आणि दाईनं सांगितलं नाही, कारण पुन्नीला छेरछेरा असतो हे जगात कुणाला माहीत नसेल असं तिच्या मनातही आलं नाही.

पाहुणे शेजारच्या दुर्ग स्टेशनवर उतरले. नवऱ्यानं रजा टाकून त्यांना टॅक्सीनं आणलं. एक लोकरी कोट घातलेले वयस्क गृहस्थ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे. दुसरी खादीची साडी नेसलेली तरुण बाई. मी आणि ताई नव्या साड्या नेसून शेडच्या दारात उभ्या. आणि आत कुणी नाही. झोळ्या रिकाम्या, टब कोरडा, चूल थंड. समोरच्या बांधकामावरसुद्धा माणूस नाही.

"बच्चे कहाँ हैं?" कोटवाल्यांनी विचारलं.

"येतील," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. पाचावर धारण बसली की मला हिंदी सुचत नसे.

चहा झाला. पुन्हा चहा झाला. कोटवाले एका रिकाम्या झोळीला बोटानं हलवून बघत होते. असली नुसती कागदावरची पाळणाघरं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. खादीवाल्या बाईंनी लिहायचं थांबवलं होतं आणि ते मला जास्त लागलं. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "वहिनी, गेलं आपलं."

दुपार चढली तेव्हा रस्त्याच्या वळणावरून मांदर ढोल ऐकू आला. मग आरडाओरडा, मग धूळ, आणि धुळीतून आमची सगळी पोरं. कडेवरची, चालती, दुडदुडती, प्रत्येकाच्या गळ्यात कापडी झोळी. मागे त्यांच्या आया, हळद-कुंकवाच्या रंगांच्या लुगड्यांत, डोक्यावर टोपल्या. सर्वांत पुढे दाई, हातात सूप. थेट आमच्या दारात येऊन सगळे एका सुरात 'छेरछेरा' ओरडले. आतापर्यंत मलाही कळलं होतं काय झालं ते, आणि आपणच तो दिवस निवडला हेही.

कोटवाल्यांचा चेहरा आक्रसला. "आप इन्हें भीख माँगना सिखाती हैं?"

माझ्या तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्याआधीच दाईनं सूप त्यांच्या छातीशी धरलं. दारात जो उभा, त्याच्याकडे मागायचं, एवढंच तिला ठाऊक. ते गोंधळले आणि खिशातून नोट काढली. दाईनं सुपावर आडवा हात धरला.

"पइसा नहीं साहेब. धान."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दिल्लीहून आलेल्या माणसाजवळ धान कुठलं असणार? कोटाच्या खिशात हात घालून ते तसेच उभे राहिले. दाई मान हलवून पुढे सरकली. रागावली नाही, हसली नाही. नाही तर नाही.

तेव्हा ताई बोलल्या. हात पसरायचा नाही असं बापानं सांगितलेल्या ताई. "साहब, आज यहाँ सब माँगते हैं. जमीनवाले का बच्चा भी निकलता है. आज माँगने में नीचापन नहीं है." बोलता बोलता त्यांनी स्वतःचा पदर पसरला आणि एका बाईपुढे धरला. त्या बाईनं टोपलीतली ओंजळ त्यात घातली. ताईंना असं करताना मी पहिल्यांदा बघत होते. बहुधा त्याही.

बाया आत शिरल्या आणि एकेक करून टोपल्या जस्ताच्या टबात रिकाम्या करू लागल्या. पोरांनी झोळ्या उलट्या केल्या. भाजलेल्या पायाची ती पोर आता चांगली पळायची. तिचा हात टबाच्या कडेला पुरेना, तर आईनं तिला उचलून धरली. टब भरला, धान जमिनीवर सांडायला लागलं. गावं फिरून, रिसालीपर्यंत जाऊन, सेक्टरांतून मागून त्यांनी ते आणलं होतं.

"ये घर नहीं ले जाएँगे?" खादीवाल्या बाईंनी दाईला विचारलं.

"घर बर नो हे," दाई म्हणाली. घरासाठी नाही. मग बांबूंना बांधलेल्या झोळ्यांकडे बोट केलं. "लइका मन बर." या पोरांसाठी. पाहुणे येणार म्हणजे इथे काहीतरी कमी पडतंय, हे त्या बायांनी ओळखलं होतं आणि आम्हाला न विचारता यंदाचा छेरछेरा शेडच्या नावानं फिरवला होता.

"और पुरस्कार नहीं मिला तो?" बाईंनी पुढे विचारलं.

पुरस्कार म्हणजे काय ते दाईला मी समजावलं. तिनं टबाकडे पाहिलं. "जेठ तक चलही," म्हणाली. ज्येष्ठापर्यंत चालेल.

मी अर्जात मारलेली ती आडवी रेघ मला आठवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. खादीवाल्या बाई भरभर लिहीत होत्या. जाताना कोटवाल्यांनी सर्वांना नमस्कार केला, दाईला जरा वाकून केला.

पुरस्कार मिळाला नाही. फाल्गुनात पत्र आलं. संस्थेची नोंदणी होऊन काही वर्षं झालेली असावी लागतात असा नियम होता, आणि आमची तर नोंदणीच नव्हती. खाली सही कोटवाल्यांची. एवढं डोळ्यांनी बघून गेला आणि नियम दाखवतो! मी त्यांना जे जे म्हटलं ते नवऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं तुह्यं? आता टबातलं धान भरडून आणा लागते."

भरडून आणलं. बायांनी आपणहून ठरवलं की हप्त्याची मजुरी मिळेल त्या दिवशी प्रत्येकीनं एक मूठ तांदूळ टबात टाकायचा. आणि मी सूप घेऊन सेक्टरात निघाले. पहिल्या दारातून बेल न वाजवताच परत फिरले. दुसऱ्या दारात ताई सोबत होत्या. पुढे मल्याळी घरानं डाळ दिली, बंगाली घरानं दूध लावून दिलं, एका सरदारणीनं विचारलं की इतके दिवस कुठे होतीस. "आता तू माह्या आफिसातबी सूप घेऊन येशीन," नवरा म्हणाला. गेले की मीही. जेठ आला आणि गेला, शेडला कुलूप लागलं नाही.

पुढच्या पौषात, पुन्नीच्या दोन दिवस आधी, दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निरोप आला. नवरा जाऊन रिक्षात घालून एक पोतं घेऊन आला. दिल्लीहून आलेलं, तांदळाचं. पाठवणाऱ्याचं नाव तेच, पत्राखालच्या सहीचं. सोबत एवढीच चिठ्ठी, की उस दिन मेरे पास धान नहीं था.

मी दाईला वाचून दाखवली. मला वाटलं, तीही माझ्यासारखी गहिवरेल. तिनं पोत्याच्या फटीतून चार दाणे काढले, तळहातावर चोळले, लांब बारीक तांदूळ बघून नाक मुरडलं, याची खिचडी मोकळी होईल म्हणाली. मग म्हणाली, "डोकरा ला सुरता रिहिस." म्हाताऱ्याला आठवण राहिली.

आम्ही भिलाई सोडेपर्यंत ते पोतं दर पौषात येत राहिलं. शेड मरोद्याहून रिसालीच्या कामावर गेलं, तिथेही आलं. त्या माणसाचे, दाईचे, ताईंचे, त्या सगळ्या बायांचे उपकार कसे मानायचे ते मला तेव्हाही कळलं नाही. भाचीला मी एवढंच सांगितलं, की पुरस्कारासाठी अर्ज जरूर कर, फक्त कुठल्या जागी रेघ मारतेस ते बघ.

त्या पहिल्या पोत्याच्या वर्षी छेरछेऱ्याला शेडच्या दारात सर्वांत आधी आली ती भाजलेल्या पायाची पोर. मी पोतं उसवून तिच्या झोळीत ओंजळभर तांदूळ घातला. ती धावत आत गेली, तो टबात ओतला आणि रिकामी झोळी घेऊन पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.