मोरे मॅडमचा ठिपका

ठिपका ठेवण्याआधी मोरे मॅडम डोळे मिटून घेत. चांगली दोन-तीन मिनिटं. त्यांच्या केबिनची खिडकी बंदराकडे उघडायची. दुपारच्या धुरकट उजेडात बोटी पाण्यावर उभ्या आहेत की हवेत, हे कळायचं नाही. मॅडम बोटांत पेन्सिल धरून तशाच बसून राहायच्या. मी नवी होते. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना झोप लागली.

मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात त्या सल्लागार होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. व्याजदर ठरवणारी समिती बसण्याआधी आमचे सात-आठ ज्येष्ठ अधिकारी एक कागद भरत. यंदाच्या अखेरीस दर कुठे असेल, पुढच्या वर्षी कुठे, त्याच्या पुढच्या वर्षी कुठे, या प्रत्येक अंदाजासाठी एकेक ठिपका. नाव लिहायचं नाही. ते सगळे ठिपके एका आलेखावर उतरवणं माझं काम. नाव नसलं तरी मॅडमचा ठिपका मी ओळखायची. मोहरीहून बारीक असायचा.

"हे भविष्य नव्हे गं," त्या म्हणायच्या, "वचन तर नव्हेच. आज जे दिसतंय, त्यावरून पुढे काय करावं लागेल असं वाटतं, एवढंच. उद्या वेगळं दिसलं तर ठिपका हलवायचा. त्यात लाज कसली?"

महासाथ ओसरत होती, तेव्हाची गोष्ट. दर अगदी खाली होते आणि खालीच राहतील, असं सगळे धरून चालले होते. आलेखावर ठिपके तळाशी गाळ बसावा तसे बसले होते. एकच ठिपका पार वर.

"हा कुणाचा?" विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. "उतरवताना चुकलं का?"

मी कागद पुन्हा चाळू लागले.

"माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "तिचं काही चुकलेलं नाही."

"एवढी वाढ? कशावरून?"

"तेल महागतंय, कच्चा माल महागतोय, ते कागदात आहेच. पण परळच्या मंडईतली माझी भाजीवाली मेथीची जुडी बारीक बांधायला लागलीय. भाव तोच. म्हणजे तिला खर्च सोसवत नाही आणि भाव वाढवायची भीती वाटते. ही भीती फार दिवस टिकत नसते; मग भाव चढतात आणि आपल्याला दर चढवावे लागतात."

कुणीतरी हसलं. ठिपका मात्र जागेवर राहिला.

त्याच रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने आम्ही दोघी चालत होतो. धुकं होतं, मैदानात खेळणारी मुलं दिसत नव्हती, नुसता बॅटीचा आवाज येत होता. त्या धुक्यातून मॅडमचा धाकटा भाऊ मिलिंद आला. मोरे कुटुंब डिलाईल रोडच्या चाळीतलं. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मिलिंदने कॉलेज सोडून वायरमनचं काम धरलं, म्हणून मॅडम एम.ए. झाल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मिलिंद आता चिंचपोकळीला घर घेत होता.

"ताई, एकच सांग. लोन फ्लोटिंग घेऊ का फिक्स? बँकवाला बोलतो फ्लोटिंग घ्या, स्वस्त आहे. पण व्याज वाढलं तर फ्लोटिंगचं पण वाढणार ना?"

बैठकीआधी दराबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्याकडे नियम.

"मला नाही सांगता येणार, मिलिंद."

"सांगता येणार नाही, की माहीत नाही?"

तो वाट पाहत उभा राहिला. मग "बरं" म्हणाला आणि आला तसा धुक्यात गेला. मॅडम कट्ट्यावर टेकल्या. "विचार करून घे, एवढंसुद्धा म्हणता आलं नाही गं मला," त्या म्हणाल्या.

मिलिंदने फ्लोटिंग घेतलं. पुढे दर वाढले, पुन्हा वाढले, पुन्हा वाढले. मॅडमचा ठिपकासुद्धा कमीच पडला. ऑफिसात लोक येऊन कौतुक करून गेले. मॅडम खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. वाढत्या व्याजामुळे मिलिंदच्या कर्जाचे हप्ते त्याच्या सत्तरीपलीकडे गेले होते आणि त्या बुद्धपौर्णिमेला तो खीर खायला बहिणीकडे आला नव्हता.

निवृत्तीनंतर त्या स्वतःहून त्याच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते मला मिलिंदनेच सांगितलं, गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या त्यानंतर.

"मी विचारलं तिला, तुला माहीत होतं ना? तर बोलली, वाटत होतं; माहीत कुणालाच नसतं. मी बोललो, मग वाटतं एवढं तरी सांगायचंस. तेव्हा बोलली, त्या दिवशी अख्ख्या मुंबईत किती लोक हेच विचारत असतील रे? त्यांची ताई कुठे होती बँकेच्या आत?"

"मग?"

"मग काय! बायकोने ताट वाढलं. जेवली. निघताना बोलली, पुढच्या रविवारी सुकट आणते. आणि आणलीन. मग दर रविवारी यायची."

मिलिंदच्या घरी, चौदाव्या मजल्यावर बसलो होतो आम्ही. खाली रस्ते असतील, पण उन्हात सगळं एकमेकांत विरघळलेलं दिसत होतं.

"राग गेला नाही माझा," मिलिंद म्हणाला. "अजून येतो. पण रविवारी अकरा वाजले की कान लिफ्टच्या आवाजाकडे जातात."