ह्यांच्या पायाला गारवा कळेना

बायांनो, आज माझ्या पोरीने बापाची चोरी पकडली.

आमच्या ह्यांना शुगर आहे. पाय दाखवून या म्हटलं की, "मला काय झालंय? तू गप बस." आज सकाळी आमच्या प्राचीने फ्रिजमधला स्टीलचा चमचा आणला. नर्सिंगला शिकते ती. बापाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि म्हणाली, "पप्पा, तळव्याला थंड लागलं की सांगा."

"लागलं, लागलं. थंड आहे."

"पप्पा, चमचा अजून माझ्या हातातच आहे."

मग खरंच टेकवला, तर हे गप्प!

मला हसू फुटलं. पोरगी मात्र हसली नाही. "आई, कातडीत बारीक नसा असतात. गारवा त्याच ओळखतात आणि मेंदूला कळवतात. शुगरने पप्पांच्या नसा खराब होतायत. उद्या काच घुसली तरी ह्यांना कळणार नाही."

माझं कधी न ऐकणारा माणूस मुकाट चपला घालून तिच्यामागे कोपर गावातल्या दवाखान्यात गेला. मीही सोबत होते. डॉक्टर मला म्हणाले, "बरं केलंत, आणलंत." मी म्हटलं, "मी नाही हो, हिने आणलं. माझी मुलगी आहे."

तुमच्या घरातल्या शुगरवाल्याचे पाय शेवटचे कधी बघितलेत, सांगा बरं?