सरिताताईच्या यर्टचं भोक मी बुजवलं

हसणार नसाल तरच सांगतो. बघा, मी तोंड उघडायच्या आधीच हसताय! असू दे. चहा ओता, सांगतो.

आमची सरिताताई पासिर रिसला राहते. सख्खी नाही, पण सिंगापूरला आल्यापासून मला जेवायला घालते, म्हणजे सख्खीच धरा. तिच्या भाड्याच्या घरामागे लॉन आहे आणि लॉनवर यर्ट. यर्ट म्हणजे मंगोलियातला गोल तंबू हो! कापडाने गुंडाळलेली लाकडी जाळीची भिंत, वर जाड कापडाचं टोपीसारखं छप्पर. देश सोडून जाणाऱ्या कुणा शेजाऱ्याने तिच्या गळ्यात मारलेला. कापड म्हातारं, त्यात इथला पाऊस. लागलं गळायला!

शुक्रवारी ताईचा फोन. "रविवारी माझी मामेबहीण केतकी जेवायला येतेय. तूही ये. यर्टमध्येच बसू. मुलगी छान आहे." हे शेवटचं तिने जरा सावकाश म्हटलं. "फक्त छताला तेवढं भोक पडलंय…"

"मी बुजवतो!"

मी आयुष्यात शर्टाला बटण लावलेलं नाही. मी यर्टही कधी आतून पाहिला नव्हता. पण 'मुलगी छान आहे' ऐकल्यावर माणूस काहीही कबूल करतो की नाही?

शनिवारी गेलो. ताई कामावर. छताचं कापड उतरवून तिने लॉनवर पसरलेलं. शेजारी जाड सुई, दोरा, ताडपत्री, वॉटरप्रूफिंगच्या रंगाचा डबा. आणि भोक? शोधावंच लागलं नाही! बरोब्बर मध्यभागी, ट्रकच्या टायरएवढं!

मी लगेच फोन लावला. "ताई, भोक सापडलं!"

"बटणाएवढंच आहे ना?"

"बटण? अगं, मी त्यात मांडी घालून बसेन!"

"काय सांगतोस! परवा तर एवढुसं होतं."

"जुनं कापड आहे. फाटत गेलं असेल."

"बापरे! मग घट्ट शीव बाबा. एक थेंब येता कामा नये!"

आता तुम्ही म्हणाल, फाटलेलं कापड इतकं गोल असतं? कड दुमडून शिवलेली असते? अहो, मलाही शंका आली. पण मला वाटलं, आणखी फाटू नये म्हणून आधीच्या मालकाने कड शिवली असेल. किती काळजी घेणारा माणूस!

मी ताडपत्री लावली. दुपारभर शिवत बसलो. बोटांची चाळण झाली, पाठीचं धनुष्य झालं. मग रंग. कालवायला भांडं नव्हतं, पण तिथेच पारदर्शक प्लास्टिकचं एक भलंमोठं गोल झाकण पडलं होतं. फर्स्टक्लास! त्यातच कालवला आणि ठिगळावर थरावर थर दिले. जहाज बुडेल, पण हे ठिगळ भिजणार नाही!

रविवारी दुपारी केतकी आली. खरंच छान होती हो. आम्ही तिघांनी खालूनच दोऱ्या ओढून कापड सांगाड्यावर चढवलं. वरचं खालून काही दिसत नव्हतं. मटणाचा रस्सा, भाकरी, सगळं आत नेलं. दार लावलं.

मिट्ट काळोख!

ताईची लेक रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "अंकल, सो डार्क लाह!"

"निखिल," अंधारातून ताईचा आवाज आला, "वरची खिडकी कुठे गेली?"

"कुठली खिडकी?"

"छताच्या मधली! उजेडाची, हवेची! वर पारदर्शक झाकण बसवतात ती!"

"ती… खिडकी होती?"

"आणि झाकण कुठाय?"

"त्यात मी रंग कालवला."

तेवढ्यात पाऊस आला, तोही बदाबदा. माझ्या ठिगळातून एक थेंब नाही, शपथ! पण बाजूच्या कुठल्याशा बारीक भोकातून पाणी नेमकं माझ्या रश्श्यात. टप्. टप्. टप्.

"ते बघ," ताई म्हणाली, "ते बुजवायचं होतं."

मोबाइलच्या उजेडात, घामाने निथळत आम्ही जेवलो. माझा रस्सा काही केल्या संपेना! ताई एकदा छताकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी केतकीलाच माझी दया आली. विषय बदलायला तिने गोड आवाजात विचारलं, "तुम्ही नोकरी कसली करता?"

"ऑडिटर आहे. ऑफिस तांजोंग पगारला."

"म्हणजे नेमकं काय करता?"

"म्हणजे… कंपन्यांमध्ये कुठे गळती आहे, ते शोधतो."

केतकीने हातातला घास खाली ठेवला.

"आणि सापडते?"